गोधडीचं डोकं

चौथ्या कोपऱ्याचा दोरा थोरलीने दाताने तोडला, सुई बाहीला टोचून ठेवली आणि गोधडी नेऊन सासऱ्यांच्या मांडीवर टाकली. म्हातारा ओसरीत खाटेवर बसला होता. त्याला आताशा जवळचं काही दिसत नसे. लांबचं मात्र नको तेवढं दिसे. त्याने गोधडी आधी हुंगली, मग गालाला लावून पाहिली. मग एक कोपरा चिमटीत धरला आणि कडेकडेने बोटं सरकवत दुसऱ्या कोपऱ्याला नेली, तिथून तिसऱ्याला. थोरली हात पुसत कौतुकाची वाट बघत उभी होती.

"सूनबाई," म्हातारा म्हणाला, "गोधडी झकास झालीय. पण हिला डोकं नाही."

"डोकं?"

"डोकं. तोंडाकडची बाजू कोणती नि पायाकडची कोणती, अंधारात मला कसं कळायचं? रात्रभर पायांत घोळलेली कड सकाळी नाकावर घेऊ?"

"मामंजी, मी धुऊन देत जाईन की."

"धुण्याचं नाही गं. या घरात बिनडोक गोधडी आजवर कुणी पांघरली नाही. बिनडोक माणसं पुष्कळ निपजली, ती गोष्ट वेगळी." शेवटचं वाक्य त्याने अंगणाकडे तोंड करून जरा मोठ्यानेच म्हटलं. मग नवी गोधडी घडी करून बाजूला सारली आणि जुनं, जाळी झालेलं पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेतलं.

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण म्हातारा खोटं बोलत नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं.

या घरात गोधडीला गोट लावायचा तो दोन बायकांनी. सासूने लावून दिलेली रीत होती ती. थोरली उजव्या हाताची, धाकटी जाऊ डावखुरी. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा डाव्या हातात सुई बघून शेजारणींनी तोंडं वाकडी केली होती, सासूने मात्र कपाळावरचा घाम पुसत म्हटलं होतं, "बरं झालं, माझी जोडी पूर्ण झाली." गोधडी अंगणात पसरायची. पायाकडच्या कडेला मधोमध दोघींनी पाठीला पाठ लावून बसायचं आणि गोटाची पट्टी दोन्हीकडे शिवत निघायचं. थोरली डावीकडे सरकायची, धाकटी उजवीकडे. कोपरा आला की पट्टी दुमडायची, आणि दुमडलेली घडी पुढच्या कडेवर निजवायची. अशा दोघी पायाचे कोपरे वळवून, लांब कडा संपवून, डोक्याचे कोपरे वळवून वरच्या कडेला मधोमध समोरासमोर यायच्या. त्यामुळे डोक्याच्या कडेला दोन्ही टोकांना जाड घडी लागायची आणि पायाची कड सपाट राहायची. अंधारात नुसतं चाचपलं तरी कळायचं. एकटीनेच चारी बाजू फिरून शिवल्या, तर प्रत्येक कडेला एकेक घडी येते, आणि गोधडीचं डोकं हरवतं. तेच झालं होतं.

आणि जोडीला बसायची ती धाकटी आता कुंपणापलीकडे होती.

कुंपणाचं कारण ओढा. यंदाच्या पावसात ओढ्याला काय अवदसा आठवली कोण जाणे, त्याने वळण बदललं. थोरल्या भावाच्या वावराची कड खाल्ली आणि ती काळीभोर माती खाली नेऊन धाकट्याच्या वावरात ओतली. थोरला म्हणाला, "माती माझी आहे." धाकटा म्हणाला, "मी काय चोरून आणली? ओढ्याला विचार." ओढ्याला कोण विचारणार. शब्दाला शब्द लागला, वाटण्या झाल्या, आणि एके दिवशी दोघा भावांनी अंगणाच्या मधोमध मेढी ठोकून मक्याच्या ताटांचं कुंपण उभं केलं. उभ्या आयुष्यात दोघांनी एवढ्या एकजुटीने दुसरं कुठलं काम केलं नव्हतं. म्हातारा एक महिना इकडे, एक महिना तिकडे. त्याची खाटही त्याच्याबरोबर जायची-यायची.

जावा जावा काही भांडल्या नव्हत्या. पण मेढी ठोकताना धाकटीने मेढ धरली होती, सरळ राहावी म्हणून, दोन्ही हातांनी. ते थोरलीने पाहिलं होतं. आणि त्याच दिवशी थोरली बोलून गेली होती, "पिकव आता नवऱ्याच्या मातीत सोनं, नि तेच पांघर." ते धाकटीने ऐकलं होतं. तेव्हापासून अबोला. थोरलीला तो रोज टोचायचा. भांडी घासताना टोचायचा, शेळीचं दूध काढताना टोचायचा. पण आधी कुणी बोलायचं? मोठेपण असं आडवं येतं, की माणूस घशाशी आलेला शब्द गिळतो आणि वर पाणी पितो.

दुसऱ्या दिवशी घरातलं आवरून थोरलीने गोधडीची उजवी बाजू उसवायला घेतली. पायाच्या मध्यापासून डोक्याच्या मध्यापर्यंत सगळा गोट. स्वतःचे टाके स्वतः उसवणं म्हणजे आपलेच दात नि आपलेच ओठ. दोन वेळा सुई नखाखाली गेली. मग तिने धाकटी शिवायची तशा उलट्या अंगाने शिवायचा घाट घातला. सुई डाव्या हातात धरली तर हात लाकडाचा झाला. उजव्या हातात धरून उलटं सरकली तर मान अवघडली. कोपऱ्यावर पट्टी उलट दुमडली तर ती तिथे राहायलाच तयार होईना. दाबून बसवली की दुसरीकडून फुगून वर यायची.

"अंगण अपुरं पडतं," ती स्वतःशीच पुटपुटली. "गोधडी नीट पसरलीच जात नाही, तर कोपरा कसा बसेल?"

लोहाराची बायको विस्तव मागायला आली होती, तिने ते ऐकलं. ही बाई विस्तवाच्या निमित्ताने गावभर धूर करून यायची. तिने खाली वाकून कोपरा बघितला आणि तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई, हा कोपरा आहे की शेळीचा कान?"

"जागा पुरत नाही ना."

"असं होय. म्हणजे शिवता येईना, अंगण अर्धं!"

कुंपणापलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. थोरलीचे कान तापले. लोहाराची बायको विस्तव घेऊन गेली. पाणवठ्यावर ही गोष्ट आता आपल्या आधी पोचणार, हे थोरलीला कळून चुकलं. आणि खरंच, संध्याकाळी ती घागर घेऊन गेली तेव्हा एकीने शेळीचे कान कसे आहेत म्हणून विचारलं, दुसरीने हसू दाबायला तोंडात कापड कोंबलं. थोरलीने घागर भरली आणि कुणाकडे न बघता परतली. वाटेत पाणी हिंदकळून अर्धी पाठ भिजली. त्या दिवशी वाऱ्यालाही धार आली होती. भिजलेल्या पाठीला तो चांगलाच लागला.

नवरा वावरातून आला तो कमरेवर हात ठेवूनच. खरवडल्या कडेला बांध घालायला तो दगड वाहत होता. थोरलीने तेल कोमट करून त्याची कंबर चोळली. तो पालथा आणि तोंड उशीत, म्हणजे मनातलं बोलायची वेळ.

"अहो, आबांची गोधडी अडलीय."

"मग शीव की."

"एकटीने होत नाही."

उशीतून आलं, "बोलव मग कुणाला."

"कुणाला बोलवू?"

"मी काय नाव घेऊ नको म्हटलंय?" थोरला म्हणाला. "जरा खाली चोळ. हां. तिथे."

बाहेर ओसरीत म्हातारा जाळीदार पांघरुणात गुडघे पोटाशी घेऊन निजला होता. थोरलीने आपली शाल नेऊन त्याच्या पायांवर टाकली. पाय बर्फासारखे होते. तिला स्वतःचाच राग आला. एका कोपऱ्यापायी म्हातारं माणूस कुडकुडतंय, आणि आपण मान घेऊन बसलोय.

सकाळी नवरा कामावर गेला. ऊन अंगणात उतरलं तशी थोरलीने चटई टाकली आणि गोधडी पसरली. पसरताना तिने ती कुंपणाला अगदी भिडवून पसरली. कुंपणाच्या ताटांना खालून कोंबड्यांनी उकरून उकरून चांगली फट पाडली होती. थोरलीने आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं, म्हातारा होता, पण तो उन्हात डोळे मिटून बसला होता. मग तिने गोधडीची उसवलेली उजवी बाजू त्या फटीतून हळूच पलीकडे सरकवली, लोंबती पट्टी सरकवली, आणि आपण अलीकडच्या शिवलेल्या कडेचे टाके उगाच पक्के करत बसली.

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला. पावलं आली, थांबली, परत गेली. थोरलीने टाका अर्ध्यात थांबवला. आता ती गोधडी परत ढकलून देईल, नाहीतर ओरडेल, की हे काय लोकांच्या अंगणात! एक कोंबडी आली आणि पलीकडच्या अर्ध्या गोधडीवर ऐसपैस बसली, ते फटीतून दिसत होतं.

"हुश्श! ऊठ मेले!" पलीकडून आवाज आला. कोंबडी कलकलत उडाली. आणि मग गोधडीला एक हिसका बसला. लहानसाच, ताण बघायला देतात तसा.

थोरलीला तो हिसका ओळखीचा होता. कड हातात घेतली की धाकटी आधी असाच ताण बघायची. गोधडीच्या पोटातून एकेक टाक्याची बारीक ओढ इकडे थोरलीच्या मांडीपर्यंत यायला लागली. टुक, टुक, टुक. थोरलीने सुई खाली ठेवली आणि नुसता तळहात गोधडीवर ठेवून बसली. डोळे भरून आले तर तिने नाक शिंकरलं.

बराच वेळ टाके पडत राहिले. मग ओढ थांबली.

"दोरा संपला," पलीकडून आलं. कुणाला उद्देशून नाही, आभाळाला सांगितल्यासारखं.

थोरलीने रीळ उचललं आणि कुंपणावरून फेकलं. पलीकडे "आई गं!" झालं.

"लागलं का गं?" थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

"डोक्यात मारता आणि वर विचारता?"

"मला काय दिसतंय इथून!"

"कशाला दिसेल? कुंपण आहे ना मध्ये."

"मेढ कुणी धरली होती?"

पलीकडची ओढ थांबली. थोरलीने जीभ चावली. झालं, सगळं मातीत गेलं, असं तिला वाटलं. पण थोड्या वेळाने टाक्याची ओढ पुन्हा सुरू झाली, आणि ओढीबरोबर आवाजही आला, खालच्या पट्टीत.

"धरली नसती तर तिरकी गेली असती जाऊबाई, तुमच्या चुलीच्या भिंतीत. ह्यांचा नेम तुम्हाला माहीत आहे. लाकूड फोडताना कुऱ्हाड सोडून सगळीकडे बघतात."

हे थोरलीच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मेढी ठोकल्यापासून त्या दोन हातांवर ती दात खाऊन होती, आणि ते हात तिचीच भिंत राखत होते.

"आणि सोनं म्हणाल," धाकटी म्हणाली, "तर मका उगवलाय तिथे गुडघाभर. त्यात किडाच फार. पांघरायला काही होणार नाही."

"मी रागात बोलले गं."

"माहितीय. मीही रागात ऐकलं."

मग दोघींना बोलायला इतकं काही होतं की कोणी काय म्हटलं ते दोघींनाही धड ऐकू आलं नाही. शेळीला झालेल्या करडापासून लोहाराच्या बायकोपर्यंत सगळे विषय कुंपणावरून ये-जा करू लागले. पायाचा कोपरा झाला. फटीतून बोटं घालून थोरलीने तो चाचपला. घडी लांब कडेवर गुमान निजली होती, कुठे फुगा नाही, कुठे सुरकुती नाही. किती दिवसांनी तिने डाव्या हाताने वळवलेला कोपरा असा हातात घेतला होता.

"शेळीचा कान नाही ना झाला?" धाकटीने विचारलं.

"तूच हसलीस ना काल? मेली!"

गाडी अडली ती लांब कड संपत आल्यावर. डोक्याकडची बाजू काही पलीकडे जाईना. मध्ये मेढ होती. गोधडी दोन मेढींमधल्या जागेपेक्षा लांब, त्यामुळे वरचा भाग मेढीशी गोळा होऊन बसलेला. आणि गोळा झालेल्या कापडावर कोपरा वळवायचा म्हणजे पुन्हा शेळीचा कान. दोघींनी गोधडी इकडून ओढली, तिकडून ढकलली. शेवटी थोरली उठली आणि तिने मेढीला मिठी मारली.

"तू पलीकडून ढकल."

"भावजी काय म्हणतील?"

"म्हणू देत. ढकल तू."

मेढ हलेना. रागाने ठोकलेली मेढ, ती हातभर जास्तच खोल गेलेली. दोघी घामाघूम झाल्या, ताटं करकरली, कोंबड्या पांगल्या, आणि नेमका त्याच वेळी थोरला जेवायला घरी आला. बायको मेढीला मिठी मारून लालबुंद, आणि ताटांमधून भावजयीचे हात बाहेर आलेले. तो दारातच उभा राहिला.

"हे काय चाललंय?"

थोरलीने मेढ सोडली नाही. कपाळावरचे केस फुंकरीने उडवून ती म्हणाली, "आबांच्या गोधडीचं डोकं अडकलंय."

थोरल्याने गोधडीकडे बघितलं. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मग ओसरीकडे बघितलं. म्हाताऱ्याने एक डोळा उघडला होता.

"तू ठोकलीस ना?" म्हातारा म्हणाला. "मग तिला काय बायका उपटणार? खाली दगड भरलेत तुम्ही दोघांनी, मी बसल्या जागेवरून पाहिलंय. एकट्याचं काम नाही ते."

थोरल्याने मेढ हलवून बघितली. कंबरेत कळ आली, त्याने ती लपवली. तोवर गोंधळ ऐकून धाकटा घराबाहेर आला होता. कुंपणाच्या वरून दोघा भावांची डोकी एकमेकांना दिसली. दोघांनीही दुसरीकडे बघितलं.

"तुझी कंबर धरलीय ना दादा?" धाकटा शेवटी म्हणाला. "वाकू नको. मी खालून धरतो, तू वरून हलव."

हलवली, पिळली, पुन्हा हलवली. धाकट्याने खालचे दगड पहारीने सुटे केले. मग मेढ एकदम सुटली, आणि दोघे भाऊ मेढीसकट ताटांचा अख्खा भाग घेऊन धपकन मातीत बसले. थोरल्याच्या डोक्यावर मक्याचं वाळकं पान तुऱ्यासारखं उभं राहिलं. धाकटी तोंड फिरवून हसली, थोरलीने तोंड न फिरवताच हसून घेतलं. म्हाताऱ्याने नुसते पाय उन्हात लांब केले.

"ती माती..." धाकटा मातीत बसल्या बसल्या म्हणाला.

"मातीचं मग बघू," थोरला म्हणाला. "आधी ही मेढ कुठे टाकायची ते सांग."

"चुलीत घाला," थोरली म्हणाली. "आणि बाजूला व्हा दोघं. ऊन कलायला लागलंय."

गोधडी आता सगळी सपाट पसरली, दोन्ही अंगणांत मिळून. धाकटी तिच्या जागी बसली. डोक्याचा कोपरा आला तेव्हा तिने पट्टी जिभेच्या टोकाने किंचित ओली केली, नखाने रेघ ओढली, दुमडली, अंगठ्याने दाबली आणि डाव्या हाताने तीन बारीक टाक्यांत ती घडी वरच्या कडेवर निजवली. थोरली बघत राहिली. इतकं सोपं काम, आणि आपण त्याच्याशी कुस्ती खेळत होतो. तिने आपल्याकडचा कोपरा पुन्हा एकदा पक्का केला आणि पुढे सरकली. वरच्या कडेच्या मध्यावर दोघींचे गुडघे एकमेकींना लागले. दोघींनी आपापल्या दोऱ्यांची टोकं पुढे केली, त्यांची एकच गाठ मारली आणि गाठ गोटाच्या आत ढकलून दिली.

"मामंजी, बघा हो," थोरलीने गोधडी नेऊन दिली.

म्हाताऱ्याने बोटं फिरवली. एका टोकाची घडी, दुसऱ्या टोकाची घडी. मग मान डोलावली. "हां. आता हिला अक्कल आली."

मेढ काही परत लागली नाही. रोज कुणीतरी "उद्या बघू" म्हणायचं आणि उद्या दुसरं काम निघायचं. मोकळ्या जागेतून आधी कोंबड्या गेल्या, मग शेळी, मग चहाची कपबशी. एका सकाळी धाकट्याची गाडी ओढ्याकडे निघाली, आणि थोरला फावडं खांद्यावर टाकून तिच्यात चढून बसला. कंबरेला धाकट्याने आपला पट्टा बांधून दिला होता. माती कुणाची, यावर दोघं वाटभर हुज्जत घालत होते. पण ती आता एका गाडीत बसून घालत होते आणि घरापर्यंत ऐकू येत नव्हती.

त्या दुपारी दोघी जावा दुसऱ्या गोधडीच्या चिंध्या निवडत बसल्या होत्या. म्हातारा खाटेवर, मोडक्या कुंपणाच्या बरोबर मध्ये, नवी गोधडी हनुवटीपर्यंत ओढून उन्हात गाढ झोपला होता. महिना कुणाचा चालू आहे, हे बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

माशी वारायला म्हणून थोरली उठली आणि हनुवटीखालची कड सारखी करायला तिने हात लावला. हात थांबला. तिने कडेवरून बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. कड सपाट. मग ती पायाशी गेली आणि चाचपलं. दोन घड्या, दोन्ही टोकांना, म्हाताऱ्याच्या टाचांखाली.

तिने धाकटीला खुणेने बोलावलं. धाकटीने चाचपलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"अगं बाई! हे तर उलटं..." ती कुजबुजली आणि गोधडी फिरवायला तिने डावा हात पुढे केला.

थोरलीने तो हात मनगटाला धरला. एवढ्या दिवसांत म्हाताऱ्याने आपल्याला कसं उसवून पुन्हा शिवलं, ते तिला आता उलगडत होतं, आणि हसू ओठांत मावत नव्हतं.

"राहू दे," ती म्हणाली. "डोकं कुठे आहे ते त्यांना बरोबर माहितीय."

म्हाताऱ्याने घोरणं क्षणभर थांबवलं, आणि मग जरा जास्तच मोठ्याने पुन्हा सुरू केलं.